अद्दल 'देता' का येत नाही?

परवा भाचीचा फोन आला. फोन म्हणजे व्हिडिओ कॉल, आणि व्हिडिओ कॉल म्हणजे कॅमेऱ्यासमोर धरलेलं वहीचं पान, तेही उलटं. सहावीत आहे ती. मराठीच्या वहीत "वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा" हा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा प्रश्न होता आणि वाक्प्रचार होता 'अद्दल घडणे'. हिने अर्थ लिहिलेला "चांगली शिक्षा मिळणे" आणि वाक्य केलेलं "मी खोटं बोलले म्हणून आईने मला अद्दल दिली." बाईंनी 'दिली'ला लाल गोल करून अर्धा मार्क कापलेला.

"मामा, शिक्षा दिली चालतं, मग अद्दल दिली का नाही चालत?"

मी म्हटलं अगं तसं म्हणत नाहीत. तर म्हणे, "बाई पण हेच म्हणाल्या. पण का नाही म्हणत?"

आता घरात मराठीतला जाणकार म्हणून मीच मिरवत असतो, त्यामुळे "उद्या सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि मग दोन दिवस डोक्यात तेच. भांडी घासताना अद्दल, लिफ्टमध्ये अद्दल. एकदा एखादा शब्द असा मागे लागला की त्याचा पार भुगा होईपर्यंत मला चैन पडत नाही, तर हा तो भुगा.

पहिल्यांदा सरळ क्रियापदं लावून बघितली. शिक्षा करतात, देतात, ठोठावतात, शिक्षा होते, ती भोगतात, कधी माफ पण होते. दंड होतो, ठोठावतात, भरतात, वसूल करतात. म्हणजे या दोघांना देणारा आहे, घेणारा आहे, पावती आहे. अद्दलीला यातलं एकही चालत नाही. अद्दल केली, अद्दल भोगली, अद्दल भरली, अद्दल माफ झाली, काहीही म्हणून बघा, कानाला खटकतंच. ती फक्त घडते. फार तर कोणीतरी घडवतो.

मग मराठीत आणखी काय काय 'घडतं' ते आठवायला लागलो. दर्शन घडतं. प्रवास घडतो. उपास घडतो, म्हणजे तुम्ही ठरवलेला नसतो पण दिवसभराच्या गडबडीत पोटात काहीच गेलं नाही की रात्री कोणीतरी म्हणतं, चला, उपास घडला. पाप घडतं, पुण्य घडतं, हातून चूक घडते. या सगळ्यात मजा ही की करणारा बाजूला सरकलेला आहे, मी केलं असं कोणी म्हणत नाही, झालं खरं, पण झालं कसं ते आपल्याला विचारू नका. अद्दल या रांगेत बसते. शिक्षा देणाऱ्याचं नाव तुम्हाला सांगता येतं, बाई, बाबा, न्यायाधीश, साहेब. अद्दल कोणी घडवली विचारलं तर बऱ्याचदा उत्तरच नसतं. क्लास बुडवून सायकल पिटाळत निघाला आणि पहिल्याच वळणावर गुडघा फोडून घेतला, तर वळणाने शिक्षा दिली असं थोडीच म्हणणार. अद्दल घडली.

म्हणजे भाचीच्या वाक्यात नुसतं क्रियापद चुकलं नव्हतं, आख्खा प्रसंगच चुकला होता. खोटं बोललीस म्हणून आईने टीव्ही बंद केला ही शिक्षा. खोटं बोललीस की पोट दुखतंय, म्हणून तुला घरी ठेवलं आणि नेमकी त्याच दिवशी वर्गाची सहल ठरली आणि तुझं नाव राहून गेलं, ही अद्दल.

आता हा शब्द मुळात आला कुठून. अरबीत अदल म्हणजे न्याय, तिथून फारसीच्या हाताला धरून तो आपल्याकडे आला. अदालत त्याच घरातली. आदिल म्हणजे न्यायी, म्हणजे विजापूरची ती आदिलशाही पण अद्दलीची चुलत बहीणच निघाली, हे लक्षात आल्यावर मी एकटाच हसलो. आणि बादशहा जहांगीरने आग्र्याच्या किल्ल्याला एक सोन्याची साखळी बांधली होती, दुसरं टोक यमुनेच्या काठी दगडी खांबाला, मध्ये 60 घंटा, कोणावर अन्याय झाला तर त्याने येऊन साखळी हलवायची. तिला जंजीर-ए-अदल म्हणतात, म्हणजे न्यायाची साखळी. (ती खरंच किती जणांनी हलवली असेल कोण जाणे. सोन्याच्या साखळीपर्यंत जाण्याची हिंमत असलेला माणूस बहुतेक फार गांजलेला नसणार.)

तर मूळ अर्थ न्याय, आणि आपल्याकडे पोचेपर्यंत झाला शिक्षा, तीही अशी की परत तसं करायची छाती होऊ नये. असं का झालं असेल याचा मी माझ्या परीने केलेला विचार असा, की साध्या माणसाला न्याय दिसतो कधी, तर कोणाला तरी शिक्षा झाल्यावरच. निर्दोष सुटलेला माणूस घरी जाऊन झोपतो, त्याची बातमी होत नाही. न्याय झाला म्हणजे कोणीतरी लटकला, कोणीतरी आत गेला. त्यामुळे शब्द घसरत घसरत निवाड्यावरून थेट फटक्यावर आला.

यात अजून एक गंमत आहे. 1860 सालची भारतीय दंड संहिता 1 जुलै 2024 पासून गेली आणि तिच्या जागी आली भारतीय न्याय संहिता. म्हणजे सरकारने 'दंड' खोडून 'न्याय' लिहिलं, आणि आपण मराठी लोकांनी कैक वर्षांपूर्वी 'न्याया'चा दंड करून ठेवलाय. एक शब्द इकडून गेला, दुसरा तिकडून आला, वाटेत भेटले असतील तर काय बोलले असतील! जाता जाता, या बदलात आपला चारसोबीस पण निराधार झाला. फसवणूक आता कलम 318 मध्ये आहे. पण "तो एक नंबरचा तीनशे अठरा आहे" असं कोणी म्हणेल असं मला वाटत नाही, जिभेवर बसलेलं कलम संसदेलाही रद्द करता येत नाही.

शिक्षा या शब्दाची पण कथा काही कमी नाही. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं, शिकवण. सहा वेदांगांपैकी एकाचं नावच शिक्षा, त्यात उच्चार कसे करायचे ते शिकवतात. हिंदीने तो अर्थ जपला, तिकडे शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मार खायचा तर सजा. आपण शिक्षण वेगळं काढलं आणि शिक्षेला छडी दिली. त्यामुळे 2000-01 मध्ये जेव्हा सर्व शिक्षा अभियान आलं तेव्हा मराठी माणसाला ते शाळेच्या भिंतीवर वाचून पोटात गोळाच आला असणार, सर्व, आणि शिक्षा, आणि वर अभियान! 2018 मध्ये त्याचं समग्र शिक्षा झालं. म्हणजे आधी सगळ्यांना होती, आता पूर्ण आहे.

तसंच शासन. गाडीच्या पाटीवर 'शासन' असतं आणि गुन्हेगाराला पण 'कठोर शासन' होतं. राज्य करणं आणि ठोकणं यासाठी आपल्याला दोन शब्दांची गरज वाटली नाही यावर मी काही बोलत नाही.

मूळ मुद्द्यावर येतो. अद्दलीला माप नाही. शिक्षा किती? तीन वर्षं. दंड किती? पाचशे. अद्दल किती? हा प्रश्नच विचारता येत नाही. फक्त दोन साइझ मिळतात, 'चांगली' आणि 'जन्माची'. थोडीशी अद्दल, मध्यम अद्दल असं नसतं, आणि अनेकवचनही कोणी वापरत नाही, "मला या वर्षात तीन अद्दली घडल्या" म्हणून बघा कोणाला, तो तुमच्याकडेच बघत बसेल. कारण तीन वेळा घडावी लागली तर ती पहिल्या वेळी घडलीच नव्हती.

हे माप नसणं सोयीचं पण आहे आणि धोक्याचंही. मापून दिलेली शिक्षा म्हटली की सगळ्यांना हम्मुराबी आठवतो, बॅबिलोनचा राजा, साधारण इसवी सन पूर्व 1750 च्या आसपासचा, डोळ्याला डोळा, दाताला दात. ऐकायला कसं रोखठोक वाटतं, जशास तसं. पण तो डोळ्याला डोळा बरोबरीच्या मोठ्या लोकांमध्ये होता. मोठ्या माणसाने साध्या माणसाचा डोळा फोडला तर एक मिना (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी भरून मोकळा. म्हणजे माप होतं, पण तराजू वाकडा. ते वाचल्यापासून मला 'जशास तसे' म्हणणाऱ्या माणसाचं फार कौतुक वाटत नाही, कारण कोण कोणाच्या 'जशा' आहे हे तोच ठरवत असतो.

आता अद्दलीची थोडी उनाड बहीण, जिरणे. "बरी जिरली." हे वाक्य म्हणताना तोंडात जी चव येते ना ती दुसऱ्या कशाने येत नाही. आणि व्याकरण बघा, त्याची जिरली. काय जिरली? नाम गायब! पाणी जमिनीत जिरतं, खाल्लेलं अंगी जिरतं, पण इथे नुसतंच 'जिरली'. स्त्रीलिंगी आहे म्हणजे आत कुठेतरी मस्ती, रग, खुमखुमी, घमेंड अशी एखादी बाई दडलेली आहे, आपण तिचं नाव घेत नाही, सगळ्यांना माहीतच असतं. 'पाणी अडवा पाणी जिरवा' म्हणून सरकारने भिंती रंगवल्या तेव्हा लोकांनी लगेच त्यातलं पाणी काढून टाकून 'एकमेकांची अडवा, एकमेकांची जिरवा' केलं, ते उगीच नाही. क्रियापद तयारच होतं, बसून होतं.

पण जिरायला आधी चढलेली असावी लागते. माज नसलेल्या माणसाची जिरत नाही. गरीब बिचारा कारकून फाईल चुकीच्या टेबलावर ठेवून बोलणी खातो तेव्हा "जिरली" म्हणणारा माणूस हलकट असतो. आणि 'पोपट झाला' ही आणखी वेगळी गोष्ट, त्याला तर दोषही लागत नाही. लग्नाच्या तारखेच्या आदल्या दिवशी हॉलवर जाऊन पोचलात तर पोपट. यात तुम्ही कोणाचं वाईट केलेलं नाही, तुमच्या डोक्यात हवा गेलेली नाही, नुसते उभे आहात बंद दारासमोर इस्त्रीचे कपडे घालून.

हे तीन शब्द, पोपट, जिरली आणि अद्दल, एकाच प्रसंगात मी स्वतःच्या अंगावर घेतलेत म्हणून एवढ्या अधिकाराने बोलतोय. सांगतो.

मला एक वाईट सवय होती. होती म्हणतोय. ऑफिसमध्ये नोटीस बोर्डावर काही लागलं की खिशातून लाल पेन काढून त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायचं. कोणी सांगितलेलं नाही, पगार त्याचा मिळत नाही, तरी. आमच्याकडे एक सीनियर मॅडम होत्या, त्यांच्या बहुतेक नोटिसा त्याच लिहायच्या आणि त्या 'सूचना' हा शब्द आयुष्यभर 'सुचना' असा लिहीत आल्या. मी प्रत्येक वेळी तो सु गोल करून वर दुसरा उकार द्यायचो. सहा-सात वर्षं. त्यांनी कधी एका शब्दाने काही म्हटलं नाही, आणि त्यांनी लिहायची पद्धतही बदलली नाही, म्हणजे बघा कोण जिंकत होतं.

त्या रिटायर व्हायच्या होत्या. कार्यक्रमाचं बॅनर करायचं ठरलं आणि अर्थातच प्रूफ कोण बघणार तर मी, मीच म्हटलं मी बघतो, दुसऱ्या कोणावर विश्वास आहे का. डिझाइनवाल्याने रात्री अकराला फाईल मोबाईलवर पाठवली. मी झूम करकरून बघितली. त्यांच्या नावातलं जोडाक्षर बघितलं, तारीख बघितली, खालची 'शुभेच्छुक' ओळ बघितली, तिथे लोक हमखास घाण करतात. ओके म्हणून अंगठा पाठवला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये दहा फुटी बॅनर, त्यावर सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, 'सेवापुरती समारंभ'.

सेवापूर्ती नाही. सेवापुरती. सगळ्यात मोठी अक्षरं कोणी वाचत नाही हे मला त्या दिवशी कळलं, आपण ती बघतो, वाचत नाही. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, बॅनरकडे लक्ष गेलं आणि हातापायातला जीवच गेला. म्हटलं कोणाच्या लक्षात येणार नाही. भाषणं झाली, शाल झाली, गुच्छ झाला, मॅडम बोलायला उभ्या राहिल्या, मागे वळून फोटो कसा आलाय ते बघायला लागल्या, आणि मग गळ्यातल्या साखळीचा चष्मा डोळ्यावर चढवला. मी मनात म्हटलं मेलो.

त्यांनी पूर्ण वाचलं. सावकाश. माईकजवळ आल्या आणि म्हणाल्या, "सेवापुरतीच का हो? मला वाटलं होतं त्याच्यानंतरही ओळख ठेवाल."

आख्खा हॉल हसला. आणि मग माझ्याकडे बघून, अगदी गोड आवाजात, "लाल पेन आणलंय का?"

त्यानंतर चहाच्या वेळी काय झालं ते ऐका. डिझाइन करणारा पोरगा आला, म्हणाला सर आपला पोपट झाला ना. त्याच्या दृष्टीने बरोबर, त्याला मॅडम माहीत नाहीत, लाल पेन माहीत नाही, एक चूक झाली, लोक हसले, संपलं. अकाउंट्समधला एक जण आला, ज्याच्या रजेच्या अर्जावर पण मी एकदा पेन चालवलं होतं, तो पाठीवर थाप मारून म्हणाला, बरी जिरली. त्याच्याही दृष्टीने बरोबर, तो सहा वर्षं वाट बघत होता. आणि मला स्वतःला अद्दल हा शब्द सुचायला आठ-दहा दिवस गेले. आधी मी डिझाइनवाल्याला मनात शिव्या घातल्या, मग मोबाईलच्या स्क्रीनला, मग रात्री अकराला. सगळ्यांना घालून झाल्यावर मग एक दिवस नोटीस बोर्डासमोर उभा होतो, 'मिटींग' लिहिलेलं होतं, हात खिशाकडे गेला आणि तसाच परत आला. तेव्हा मनात आलं, घडली रे बाबा.

म्हणून मला वाटायला लागलंय की अद्दल हा शब्द ज्याला घडली त्यानेच वापरावा. बाकीच्यांना तो वापरता येतच नाही खरं तर, त्यांना फक्त आपटलेलं दिसतं. आतमध्ये काही हललं का ते त्यांना कुठून कळणार. हललं नसेल तर ती अद्दल नाही, नुसताच मार. "मला चांगली अद्दल घडली" हे वाक्य म्हणणारा माणूस बघा, त्याच्या आवाजात एक वेगळीच शांतता असते, किंचित अभिमान पण असतो, जखमेचा व्रण दाखवतात तसा. आणि "त्याला चांगली अद्दल घडली" म्हणणाऱ्याचा आवाज बघा. तिथे नुसत्या उकळ्या फुटत असतात.

आणि 'घडवली' म्हणणाऱ्याचं तर बोलायलाच नको. घडवणे हे क्रियापद मोठं झोकदार आहे, मूर्ती घडवतात, दागिना घडवतात, आईवडील मुलांना घडवतात. त्यामुळे अद्दल घडवणारा स्वतःला शिल्पकार समजत असतो, हातात छिन्नी, समोर दगड. बातम्यांत हे सारखं येतं, मोबाईल चोरताना सापडलेल्या पोराला "नागरिकांनी चोप देत चांगलीच अद्दल घडवली". नागरिक! चोप देईपर्यंत जमाव होता, बातमीत येईपर्यंत नागरिक झाला. वीस जणांनी मिळून एकाला तुडवला, त्यातले अर्धे तर काय झालंय हे न विचारता हात साफ करून गेले, आणि याला शब्द काय, तर ज्याचा मूळ अर्थ न्याय. त्यात कधी कधी तो चोर नसतोच. त्यासाठी आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला सुळी अशी म्हण आधीपासून तयार आहे, म्हणजे हे काही आजचं नाही.

शाळेतही हेच व्हायचं. कोणीतरी शिट्टी वाजवली, कोण ते कळलं नाही, सबंध वर्ग बाकावर उभा. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणायचे. मी ओल्यातला होतो, अर्धा तास उभा राहिलो, त्यातून एवढंच शिकलो की पुढच्या वेळी आपणही वाजवून घ्यावी, उभं राहायचंच आहे तर.

या सगळ्याच्या उलट एक गोष्ट मला फार आवडते, ती शिशुपालाची. "त्याचे शंभर भरले" असं आपण म्हणतो ना, ते तिथून आलंय. शिशुपाल जन्मला तो तीन डोळे, चार हात घेऊन, आणि भाकीत असं की ज्याच्या मांडीवर बसल्यावर जास्तीचे हात आणि डोळा गळून पडतील त्याच्याच हातून हा मरणार. ते घडलं कृष्णाच्या मांडीवर. शिशुपालाची आई म्हणजे कृष्णाची आत्या, तिने भाच्याकडे पदर पसरला, आणि कृष्ण म्हणाला याचे शंभर अपराध पोटात घालीन. मग युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात भर सभेत तो शिव्या देत सुटला आणि शंभराच्या वर गेला, आणि चक्र सुटलं.

मला यात चक्राचं नवल वाटत नाही, मोजण्याचं वाटतं. शंभर! आपण तिसऱ्यालाच "आता याला अद्दल घडवतो" म्हणून बाह्या सरसावतो, आणि तो वर्षानुवर्षं मोजत बसला, एका आत्याला दिलेल्या शब्दासाठी. आणि शिशुपालाला कोणी सांगितलं होतं का की बाबा रे आता 97 झाले? कोण जाणे. सांगितलं असतं तर 99 वर थांबला असता का? मला नाही वाटत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही ही म्हण पण आपलीच, आणि अद्दल घडली म्हणजे खोड मोडली असं म्हणणारे पण आपणच. दोन्ही एकाच तोंडाने म्हणतो, सोयीने. पुतण्या सुधारला की अद्दल, नाही सुधारला की जित्याची खोड.

आजकालची पोरं यातलं काहीच म्हणत नाहीत, ती म्हणतात 'कर्मा'. आपलंच कर्म परदेशात जाऊन मागे काना लावून परत आलंय. आणि अर्थही बदलून आलाय. आपल्या आजीच्या तोंडी कर्म म्हणजे "माझं कर्म!", असं म्हणून ती स्वतःच्या कपाळावर हात मारायची. कर्मा मात्र नेहमी दुसऱ्याचाच असतो. कोणी कट मारून पुढे गेला आणि पुढच्या चौकात पोलिसाने अडवला, की स्टेटस, कर्मा. आपल्याला अडवलं तर तो पोलीस खवीस.

बरं, सगळ्यात सोपी म्हणजे "असंच पाहिजे". याला तर शाळाही लागत नाही, तीन वर्षांचं पोरगं पण भाऊ पडला की अंगठा नाचवत म्हणतं, अश्शंच पाहिजे. यात शहाणपणाचा, सुधारण्याचा, न्यायाचा काहीही आव नाही, नुसता निर्भेळ आनंद. त्या दृष्टीने मला तो अद्दलीपेक्षा प्रामाणिक वाटतो. निदान तो स्वतःला शिल्पकार म्हणवत नाही.

असो. दोन दिवसांनी मी भाचीला फोन केला. अदल, अदालत, आदिलशाही सुरू केलं तर ती जांभया द्यायला लागली. मग बॅनरची गोष्ट सांगितली, ती मात्र तिने दोनदा सांगायला लावली, आणि "लाल पेन आणलंय का" तर तिने मॅडमच्या आवाजात म्हणून पण दाखवलं, मॅडमना कधी न बघता. म्हणाली, मला कळलं, मी आता करते वाक्य. अर्ध्या तासाने वहीच्या पानाचा फोटो आला, यावेळी सुलटा:

"मामा सगळ्यांच्या चुका काढायचा म्हणून त्याला चांगलिच अद्दल घडली."

क्रियापद बरोबर, प्रसंग बरोबर, कारण पण लिहिलेलं. फक्त 'चांगलिच'मधली लि पहिली काढलेली, पाहिजे दुसरी. मी बघितली. झूम करून बघितली. अंगठा टाइप पण केला, पुढे "फक्त ती लि" एवढं लिहिलं आणि खोडलं. नुसता अंगठा पाठवला.

काल तिचा परत फोन. वही कॅमेऱ्यासमोर. लि ला लाल गोल, अर्धा मार्क गेलेला.

"मामा, तू वाचलं होतंस ना? मग सांगितलं का नाहीस?"